उल्काचा कडीचा डबा

मी कडीचा डबा बोलतोय. स्टीलचा, बेताच्या उंचीचा, घडी घातलेल्या आठ पोळ्या सुखाने बसतील एवढा. सध्या माझा मुक्काम दिल्लीच्या एका पोलीस ठाण्याच्या मालखान्यात आहे. खटल्यातल्या जप्त वस्तू ठेवतात ती ही खोली. मला पांढऱ्या कापडात शिवून वर लाखेचे शिक्के मारलेत आणि एक नंबर लिहिलाय. शेजारी एक तुटकी सायकल आहे, पलीकडे कुणाची तरी सुटकेस. बोलायला कुणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलतोय.

खरं तर बोलणार नव्हतो. पण परवा इथल्या हवालदाराने जेवता जेवता मोबाइलवर एक कार्यक्रम लावला. खुनांच्या खऱ्या गोष्टी सांगतात ना, तसला. तर तो माझ्याच खटल्यावर! चाळीस मिनिटांत त्या माणसाने मारणाऱ्याची हुशारी, त्याचे हुकलेले नंबर, त्याचं बालपण, सगळं घोळून घोळून सांगितलं. मुलीबद्दल म्हणाला, "हसमुख लड़की थी," की झालं. आणि माझ्या जागी त्यांनी भलताच डबा दाखवला म्हणे, हवालदारच हसला. मला राग आला. अक्षताला मी तीन वर्षं ओळखत होतो. तिच्याबद्दल बोलायचा हक्क त्या माणसापेक्षा माझा जास्त आहे.

तर सुरुवातीपासून सांगतो. माझी खरेदी झाली अमळनेरला, भांड्यांच्या दुकानात. पार्वतीबाई लेकीच्या रुखवतासाठी भांडी घेत होत्या. त्यांनी मला उलटं केलं, बोटाने टिचकी मारली, झाकण चारदा लावून काढून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाल्या की यावर नाव घाला. आपल्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नाही. दुकानातल्या माणसाने टर्र टर्र करणारं यंत्र माझ्या पोटावर फिरवलं आणि लिहिलं, 'चि. उल्का हिस, आईकडून'. गुदगुल्या झाल्या हो, पण मी त्या दिवसापासून कुणाचा तरी झालो.

उल्काचं लग्न झालं बळवंतशी. तो केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे आमची बिऱ्हाडं हलत हलत दिल्लीला आली आणि लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये स्थिरावली. वर बंगाली, खाली गढवाली, समोर तमिळ. या सगळ्या घरांत मी फिरलो. ढोकळा नेला, पायेश म्हणजे बंगाल्यांची खीर आणली. उल्काचा एक नियम होता, तिच्या आईचाच: शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही. काही नसेल तर चमचाभर साखर घालायची, पण रिकामा नाही. हळूहळू अख्ख्या जिन्याला तिने ही सवय लावली. गढवाली भाभी तर मला पाहिल्यावर म्हणायची, "लो, मराठी डब्बा आ गया, अब इसमें क्या डालूँ?"

अक्षता आली ती गणपतीत. कॉलनीच्या मंडळात आरतीला आली होती, करोल बागेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरगी. वडील खंडेराव एसटीत कंडक्टर, गाव परतूर. प्रसाद हातात घेऊन ती उल्काला म्हणाली, "काकू, तुमच्या वाटल्या डाळीचा वास माझ्या घरासारखा येतो." उल्का तिथेच विरघळली. तिची स्वतःची लेक संपदा लग्न होऊन दूर गेलेली, घर सुनं पडलेलं. पुढच्या रविवारी अक्षता जेवायला आली आणि जाताना मी तिच्या पिशवीत होतो.

मग तो क्रमच झाला. दर रविवारी दुपारी मी मेट्रोने लक्ष्मीबाई नगरला यायचो आणि संध्याकाळी भरून करोल बागेला जायचो. ते रविवार आठवले की या कापडाच्या आत मला अजून ऊब वाटते. ती ओट्याला टेकून उभी राहायची, पोळी तव्यावरून उतरली की लगेच खायची, आणि काठ सोडून फक्त मधलं खायची. उल्का ओरडायची, काठ बळवंत खायचा. सरोजिनी नगरच्या बाजारात दोघी घासाघीस करायच्या, तेव्हा पुढे अक्षता असायची. "भैया, मैं कल कलेक्टर बन जाऊँगी तो आपको ही फायदा होगा," असं म्हणून ती शंभराचा कुर्ता सत्तरला आणायची.

आणि मी कधी रिकामा परत आलो नाही. तिच्या खोलीवर धड शेगडीसुद्धा नव्हती, पण माझ्यात काहीतरी असायचंच. गावाकडून आलेले शेंगदाणे, रस्त्याकडेची जांभळं, उल्कासाठी केसांच्या पिना. एकदा तर नुसती चिठ्ठी होती: 'काकू, आज काही नाही. पूर्वपरीक्षा निघाली!' उल्काने ती चिठ्ठी देवापुढे ठेवली. त्या एका चिठ्ठीने मी जेवढा भरलो तेवढा श्रीखंडानेही कधी भरलो नव्हतो.

धीरज अक्षताच्या अभ्यासिकेतला. आपल्याच मुलखातला, तिच्याहून पाच वर्षांनी मोठा, सगळे प्रयत्न संपत आलेला. अक्षता आपल्या डब्यातलं त्याला द्यायची. दोनदा मी त्याच्या गच्चीवरच्या खोलीत राहिलो, बरसाती म्हणतात इकडे तिला, आणि दोन्ही वेळा तो स्वतः मला उल्काकडे पोचवून गेला. सोबत साखर घालून. उल्का बळवंतला म्हणाली होती की चांगल्या घरचा मुलगा आहे, आईने वळण लावलंय. मलाही तसंच वाटलं होतं. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. अक्षताची मुख्य परीक्षाही पार पडली होती, मुलाखतीचं पत्र आलं होतं. संक्रांतीनंतरचा रविवार. तिने मला परत आणलं तेव्हा माझ्यात हरभऱ्याचे घाटे होते, सोललेले. उल्काने गूळपोळ्या केल्या. मला भरताना माझ्या कडीचा एक कान निखळला, तर बळवंतने टेबलाच्या खणातून विजेची लाल तार काढली आणि पिळे देऊन कडी बांधून दिली. अक्षता म्हणाली, "काका, माझ्या मुलाखतीला हाच डबा घेऊन जाते, म्हणजे सरकारचं काम कसं चालतं ते त्यांना कळेल." बळवंत पोट धरून हसला. जाताना तिने सांगितलं की वाटेत धीरजच्या नोट्स परत करते, दोन पोळ्या त्यालाही देते, त्याचं यंदा काहीच झालं नाही, वाईट वाटतं. मात्र हे तिने जिन्यात, चप्पल घालताना सांगितलं. दार लावायला मागे आलेली उल्का तेव्हा जिन्यातल्या गढवाली भाभीशी बोलत होती. तिच्यापर्यंत ते पोचलंच नाही.

त्या खोलीत काय झालं ते मी पाहिलं, आणि ते मी सांगणार नाही. कार्यक्रमवाल्यांनी ते पुरेसं सांगितलंय. एवढंच सांगतो की धीरजशी लग्नाला तिने पूर्वीही नकार दिला होता, आणि त्या दिवशीही दिला. नीट, न चिडता दिला. नोट्स त्याच्या टेबलावर ठेवल्या होत्या आणि मला त्यांच्या शेजारी.

खोलीवर पोचली की अक्षता 'पोचले' असा मेसेज करायची. त्या रविवारी तो आला नाही. मुलाखतीच्या अभ्यासात असेल म्हणून उल्का झोपून गेली. पुढे कित्येक महिने ती स्वतःला एवढ्याच गोष्टीसाठी बोल लावत राहिली.

खंडेराव तिसऱ्या दिवशी आले आणि उल्काकडेच राहिले. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, पण साहेबांचं मत ठरलेलं होतं. मुलाखतीचं टेन्शन आलं असेल, निघून गेली असेल, येईल परत. गावाकडे तर लोकांनी तिला कुणाबरोबर तरी पळवूनही लावलं होतं. तिकडून फोन आला की खंडेराव गॅलरीत जायचे आणि फोन संपला की बराच वेळ आत यायचे नाहीत. मुलाखतीचं पत्र त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. उल्काला म्हणाले, "वहिनी, तारखेपर्यंत येईल ती. एवढं पत्र सोडून जायची नाही माझी पोर." त्यांना मुलगी हवी होती. ती नसेल तर निदान ती पळाली नव्हती हे कुणीतरी म्हणायला हवं होतं.

हे सगळं मला मागाहून कळलं. मी तेव्हा धीरजच्या मोरीजवळ, घासून पालथा पडलो होतो.

दहाव्या दिवशी त्याने मला उचललं. माझ्यावर नाव होतं, मला खोलीत ठेवणं बरं नाही हे त्याला कळत असणार. पण मग त्याने मला फेकून का दिलं नाही? यमुनेत टाकलं असतं तर कुणाला कळणार होतं? मी पुष्कळ विचार केलाय. मला वाटतं, दुसऱ्याचा डबा टाकून देणं त्याच्या हाताला जमेना. लहानपणापासूनचं वळण होतं. शिवाय यापूर्वी दोनदा परत केलाच होता, त्यात काय एवढं, असंही वाटलं असेल. त्याने मला पुसलं, साखरेची बरणी उघडली आणि दोन मुठी साखर माझ्यात घातली. ती साखर पडताना मला किळस आली. पण डब्याला तोंड असून उपयोग काय?

शोधासाठी छापलेली पोस्टरं बगलेत घेऊन तो आला. खंडेरावांच्या पाया पडला. मग मला ओट्यावर ठेवत म्हणाला, "काकू, तुमचा डबा राहिला होता माझ्याकडे."

उल्काने झाकण काढलं आणि नेहमीचं वाक्य तिच्या तोंडून आपोआप गेलं, "अरे, साखर कशाला?"

"रिकामा कसा देणार, काकू? आई रागवेल."

तेवढ्यात तिचं बोट लाल तारेला लागलं. ते बोट तिथेच थांबलेलं मला जाणवलं. तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "कधी दिला होता रे तिने?"

"शुक्रवारी. लायब्ररीत. त्यानंतर भेटच नाही आमची, पोलिसांनाही सांगितलं मी."

शुक्रवारी मी अक्षताच्या खोलीवर होतो, घाट्यांची वाट बघत. रविवारी मी याच ओट्यावर होतो आणि ही तार रविवारीच बांधली होती. दर रविवारी मी इथे येऊन पुन्हा भरून जातो, हे बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्या लेखी डबा म्हणजे डबा.

उल्का किंचाळली नाही. तिने माझं झाकण लावलं, मला वरच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाली, "जेवूनच जा आता." आतल्या खोलीत जाऊन तिने बळवंतला ऑफिसात फोन केला, दोन वाक्यांत सांगितलं, आणि परत येऊन कणीक मळली. पोलीस येईपर्यंत तिने त्याला चार पोळ्या वाढल्या, वर तूप घातलं, आग्रहसुद्धा केला. फळीवरून मी बघत होतो. पोलीस त्याला घेऊन गेल्यावर मात्र ती ओट्याखाली फरशीवर बसली आणि खंडेरावांच्या पायांना मिठी मारून रडली. काय झालं ते त्यांना सांगावं लागलं नाही.

ठाण्यावर साहेब आधी म्हणाले, "आंटी, स्टील का डब्बा तो हर घर में होता है." तेव्हा उल्काने माझ्या पोटावरचं नाव दाखवलं आणि बळवंतने तारेचं उरलेलं वेटोळं टेबलावर ठेवलं. मग कॉलनीच्या फाटकावरचा कॅमेरा तपासला. त्यात रविवारी संध्याकाळी अक्षता जाताना दिसली, हातात मी, कडीला लाल तार. धीरजला धरल्यानंतर चौथ्या दिवशी हरियाणाच्या हद्दीतल्या एका कालव्याजवळ ती सापडली. गावाकडचे फोन बंद झाले. खंडेराव तिला घेऊन परतूरला गेले, पत्र खिशात तसंच होतं.

मागच्या जानेवारीत मला कोर्टात नेलं. शिवण उसवली, उजेड दिसला, आणि समोर उल्का. केस केवढे पिकलेत तिचे. मागच्या बाकावर खंडेराव होते. साखर कधीच काढून वेगळ्या पुडीत सील केली होती, ते बरं झालं. वकिलाने विचारलं की डबा ओळखता का. उल्काने मला उलटं केलं, टिचकी मारली, पार्वतीबाईंनी मारली होती तशीच, आणि म्हणाली, "जी. मेरी माँ ने दिया था."

कारकुनाने मला परत घ्यायला हात पुढे केला, पण ती सोडेना. तिच्या पर्समध्ये परतूरहून आलेला तिळाचा लाडू होता, अक्षताच्या आईने केलेला. ती न्यायाधीश बाईंना म्हणाली, "जी, एक लड्डू रख दूँ इसमें? हमारे यहाँ खाली नहीं देते."

बाई हळू आवाजात म्हणाल्या की नाही, केस प्रॉपर्टीमध्ये काही ठेवता येत नाही. उल्काने मान हलवली. पदराच्या टोकाने मला आतून पुसलं, झाकण लावलं आणि कारकुनाच्या हातात दिलं. तिच्या हातून मी पहिल्यांदा रिकामा गेलो.

निकाल अजून लागायचा आहे. लागला की मला सोडतील, उल्का न्यायला येईल. तो लाडू तिने जपून ठेवला असेल, तिला मी ओळखतो. पण रविवारी ओट्याला टेकून काठ सोडून पोळी खाणारं आता कुणी येणार नाही, आणि माझ्यात चिठ्ठी घालणारंही कुणी नाही. मी कितीही भरलो तरी ते भरून निघायचं नाही.

तुमच्या घरातूनही संध्याकाळी कुणाची तरी लेक डबा घेऊन निघत असेल. चप्पल घालताना ती काहीतरी सांगेल. तेव्हा दुसऱ्या कुणाशी बोलू नका, तिचं ऐका. आणि 'पोचले' आलं नाही, तर झोपू नका. फोन करा.