मागच्या बागेतले दिवे

"वेळेवर लागणारे हवेत, अंधारावर लागणारे हवेत, की माणसावर?" वायरमन पार्जानने दिव्यांची तिन्ही खोकी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली आणि उत्तराची वाट न पाहता ताटलीतला सोयाबीनच्या तळलेल्या तेम्पेचा तुकडा उचलला.

"माणसावर म्हणजे?" मिराहने विचारलं.

"कुणी जवळून गेलं की दिवा आपोआप लागतो, बू. माणूस पुढे सरला की विझतो. रेत्नानीला हेच पसंत आहे. वीज वाचते म्हणे." गावातली सगळी पोरं तिला बू, म्हणजे आई, म्हणत.

"तिला काय जातंय सुराबायात बसून सांगायला!"

पण लेकीने, रेत्नानीने, टोकाचंच सांगितलं होतं. मिराह गेल्या महिन्यात दिवे लावायला जाताना बागेच्या पायऱ्यांवरून घसरली आणि गुडघा धरून शेजारीण येईपर्यंत ओल्या पाचोळ्यात पडून राहिली. तेव्हापासून लेकीचा एकच धोशा होता. एक तर ते दिवे हाताने लावणं बंद कर, नाहीतर घर विकून माझ्याकडे ये.

घर विकणं मिराहला शक्य नव्हतं. बातूच्या या चढावर तिने आणि नवऱ्याने, दार्सोनोने, मिळून आयुष्यभर फुलझाडांची रोपं विकली होती. म्हातारपणी दार्सोनो विसरू लागला. आधी गिऱ्हाइकांची नावं, मग रोपांची, मग लेकीचं. आणि एका संध्याकाळी, मगरिबच्या नमाजाची बांग होत असताना, तो मागच्या फाटकातून बाहेर पडला. गावाने सफरचंदाच्या बागा पालथ्या घातल्या, घळीत दोर सोडले, नदीकाठ शोधला. चप्पलसुद्धा मिळाली नाही.

त्याला सहा वर्षं झाली. रोज दिवस मावळला की मिराह खाली उतरून फाटकापासून पायऱ्यांपर्यंतचे चारही दिवे लावी, ते पहाटेपर्यंत जळत. गेलेल्या माणसासाठी गाव जमवून प्रार्थना करतात, ती तिने कधी करू दिली नव्हती. "गेला कुठे? हरवलाय," एवढंच ती म्हणे. लोकांनी विचारणं सोडून दिलं होतं.

"बसव बाबा," ती शेवटी म्हणाली. "माणसावरचेच बसव."

त्या संध्याकाळी बाग काळीकुट्ट झाली. मिराहला आपल्याच घरात परक्यासारखं वाटलं. ती खिडकीशी बसून राहिली. बांग संपली, कोंबड्या गप्प झाल्या, आणि फाटकापाशी पहिला दिवा लागला.

फाटक बंद होतं. तिथे कुणी नव्हतं.

मग दुसरा लागला. मग तिसरा. कुणीतरी सावकाश, थांबत थांबत वर येत असावं, तसे. चौथा मात्र लागला नाही. थोड्या वेळाने तिन्ही विझले. खिडकीच्या गजांवर आपली बोटं किती घट्ट आवळली आहेत, हे तिला त्यानंतर कळलं.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच झालं.

सकाळी तिने पार्जानला बोलावून घेतलं. त्याने दिव्यांचे चारही डोळे पुसून, हात हलवून पाहिले. "काही बिघडलेलं नाही, बू. उत्तम चाललंय."

"वाऱ्याने लागतो का रे?"

"नाही."

"आणि…" ती अडखळली. "गेलेल्या माणसावर लागतो?"

पार्जान हसणार होता, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने हसू गिळलं. "याला फक्त ऊब कळते, बू. अंगात ऊब असलेलं काही हललं तरच लागतो. भुतावर लागत नाही. मेलेलं माणूस गार असतं ना?"

"म्हणजे जो कुणी येतोय, तो जिवंत आहे."

"अं… हो. तसंच म्हणायचं."

तो गेल्यावर मिराहने न्हाऊन घेतलं. कपाटातलं ठेवणीतलं पोलकं, हिरवी कबाया काढली, सैल झालेली, ती टाचण्या लावून घातली. भात लावला. दार्सोनोला आवडायची तशी फणसाची भाजी केली, गूळ जरा जास्तच घातला. रेत्नानीचा फोन आला तेव्हा म्हणाली, "आज नको बोलूस, माझ्याकडे येणार आहेत कुणीतरी."

"कोण येणारेय आई, या वेळेला?"

मिराहने फोन ठेवून दिला.

बांग झाली. ती वरच्या पायरीवर उभी राहिली, एक हात भिंतीला टेकून. पहिला दिवा लागला. तिला नीट दिसेना. दुसरा लागला.

"अहो?" ती म्हणाली. "अहो, सावकाश या. पायऱ्या ओल्या आहेत."

तिसरा दिवा लागला. त्या उजेडात, पडलेल्या पपईपाशी, एक उदमांजर उभं होतं. मागे दोन पिल्लं होती. मादीने मान वर करून मिराहकडे पाहिलं. तिचे डोळे काचेसारखे चमकत होते. ती पळाली नाही. पिल्लांनी पपई खाल्ली, एकाने दुसऱ्याला ढकललं, आणि तिघंही कुंपणाखालून निघून गेली.

दिवे विझले. मिराह अंधारात पायरीवर बसली. मग ती आत गेली आणि एकटीच जेवली. भाजी गोडमिट्ट झाली होती.

"उदमांजर!" सकाळी पार्जानने कपाळाला हात लावला. "डोळा जरा वर करतो, बू. मग जनावरावर लागणार नाही. फक्त माणसावर."

"नको. काढ ते. मग तर रोज रात्री वाट बघत बसेन."

"मग अंधारावरचे लावू? तुम्ही लावत होता तसेच, रात्रभर."

अंगणात शेवंतीची रोपं मांडलेली होती, त्यातलं एक उचलून मिराहने शेंडा तपासला. "शेवंतीला रात्रभर दिवा दाखवला तर काय होतं, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक नसायला काय झालं? बातूचाच आहे मी. नुसती पानं वाढतात. तिला वाटतं अजून दिवसच आहे. कळी धरत नाही."

"वेळेवरचे लाव," ती म्हणाली. "रात्रीच्या, इशाच्या नमाजानंतर थोड्या वेळाने विझू देत."

त्याच आठवड्यात गुरुवारी तिने दार्सोनोच्या प्रार्थनेसाठी गाव बोलावलं. रेत्नानी सुराबायाहून आली, काही न विचारता नारळ खवायला बसली. मागच्या बागेत चटया अंथरल्या, केळीच्या पानांत भात बांधला. म्हातारे इमाम सांगावा मिळाल्यापासून सगळ्यांना सांगत होते, "मिराहने बोलावलंय," जणू तेच कुणाला खरं वाटत नव्हतं.

प्रार्थना लांबली. इमामांना दम लागत होता, ते मध्येच पाणी पीत होते. शेवटची दुआ चालू असतानाच चारही दिवे एकदम विझले. पार्जान दचकून उठू लागला, तर रेत्नानीने त्याची बाही धरली. कुणी हललं नाही. इमामही थांबले नाहीत. अंधारातच त्यांनी नाव घेतलं, दार्सोनो, कार्तोमोचा मुलगा, आणि त्याच्यासाठी क्षमा मागितली.

"आमीन," सगळे म्हणाले.

बायकांच्या चटईवरून आणखी एक आमीन आलं, सगळ्यांच्या मागून. मिराहचं.