धारेहून गेलेली तार

धारेच्या हुजूर दफ्तरातले कारकून बळवंतराव यांच्या घरी महिन्यातून एकदा लोकल बोर्डाची सभा भरते, असं शेजारीपाजारी चेष्टेनं म्हणत. चेष्टा तशी खोटी नव्हती. त्यांच्या बायकोचं, सुभद्रेचं, माहेर पार कोकणात, समुद्राच्या अगदी काठावर, वेळखोल नावाच्या साठ-सत्तर घरांच्या गावात. तिथून तिचा धाकटा भाऊ बापू दर महिन्याला पत्र धाडी आणि त्यात घरच्यापेक्षा गावचंच जास्त असे. खाडी ओलांडणाऱ्या तरीचा मक्ता बोर्डानं कुणाला दिला, शाळेवर कौलं कधी चढणार, मेंबर निवडताना कोण कुणावर रुसलं, कोळ्यांना यंदा बांगडा कसा लागला, शिमग्याची पालखी कुणाच्या दारात अडून बसली. सुभद्रेला वाचता येत नसे. बळवंतराव वाचत आणि ती माजघराच्या उंबऱ्याशी बसून ऐके. दिवसभर दफ्तरात लोकांचे अर्ज वाचून बळवंतराव विटलेले असत. घरी येऊन पुन्हा वेळखोलचे रुसवेफुगवे वाचायचे म्हणजे त्यांच्या अगदी जिवावर येई. पण वाचत, हेही खरं.

नवव्या वर्षी लग्न होऊन सुभद्रा धारेला आली. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंबरोबर तलावावर गेली, काठावर बराच वेळ बसली आणि तिनं विचारलं, "इथं ओहोटी कधी लागते?" झालं! त्या दिवसापासून सासरच्यांना हसायला कारण मिळालं. सासूबाई गेल्या, नणंदा आपापल्या घरी गेल्या, सत्तावीस वर्षं लोटली, तरी ती जरा गप्प दिसली की बळवंतराव विचारत, "काय, ओहोटी लागली वाटतं?"

सत्तावीस वर्षांत ती माहेरी गेली दोनदा. शेवटची खेप वडील गेले तेव्हाची, तिलाही आता अकरा वर्षं झालेली. पत्र ऐकताना तिचे कान एकाच वाक्यासाठी टवकारलेले असत: कुणी आपली आठवण काढली का? पण बापू पडला गावचा बातमीदार. तो बोर्डाचं सांगे, बांगड्याचं सांगे आणि शेवटी 'सर्व मंडळी खुशाल' असं लिहून मोकळा होई. गावाला आपण आता कोण, हा प्रश्न तिनं कधी बोलून दाखवला नाही, पण तो मनात सलत असे.

त्या वर्षी रामनवमीच्या आदल्या दिवशी डाकवाल्यानं दारातून हाक मारली, "बाईसाब, कोकण को कागद आयो है!" बळवंतराव वाचायला बसले. या खेपेला बापूची स्वारी भलतीच खुशीत होती. दहा वर्षं अर्ज केल्यावर बोर्डानं गावाला विहीर मंजूर केली होती. आता बायकांना डोक्यावर हंडे घेऊन कोसभर चढण चढायला नको. विहीर देवळाशेजारी होणार होती आणि चैत्र शुद्ध दशमीला खुद्द ओव्हरसियर येऊन जागेवर खुंटी मारणार होता.

"देवळाशेजारी?" सुभद्रा उठून उभीच राहिली. "तिथं खारं पाणी आहे!"

बळवंतरावांनी चष्म्यावरून पाहिलं. मग तिनं भराभर सांगितलं. ती सात वर्षांची असताना तिच्या वडिलांनी तिथंच विहीर खणायला घेतली होती. आठ हातांवर पाणी लागलं, पण इतकं खारट की म्हशीनंही तोंड फिरवलं. वडिलांना त्याची एवढी लाज वाटली की त्यांनी खड्डा बुजवला आणि पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही. बापू तेव्हा जन्मलाही नव्हता. गोडं पाणी होतं ते कोळीवाड्याकडच्या जुन्या उंडीच्या झाडाखाली. भवानी कोळीण तिथं करवंटीनं वाळू उकरी आणि ऐन वैशाखात सुभद्रेला ओंजळ भरून पाणी पाजी. अगदी नारळासारखं गोड.

"मग ती भवानी सांगेल की."

"बोर्डाच्या सभेत कोळणीला कोण विचारतंय?"

"आणि तुला कोण विचारतंय?" बळवंतराव बोलून गेले आणि बोलल्यावर त्यांनाच कसंसं झालं. सुभद्रेचा चेहरा पडला. तिचं दुखणं नेमकं तेच होतं.

पण ती हटली नाही. पत्र जायला अकरा दिवस लागत आणि दशमी परवावर आलेली. "इकडून तार करणं व्हावं," ती म्हणाली. बळवंतराव हादरले. तार म्हणजे काय खेळ वाटला? सरकारी मंडळींनी करावी, सावकारांनी करावी. "ओव्हरसियर शिकलेला माणूस असतो. तुझ्या लहानपणच्या ओंजळीवर तो विहिरीची जागा बदलेल?"

"न बदलो. पण मला ठाऊक असून मी गप्प बसले, असं नको व्हायला. सत्तावीस वर्षांत काही मागितलं आहे का मी?"

मागितलं नव्हतं. बळवंतरावांनी आठवून पाहिलं, पण सापडेना. त्यांनी खुंटीवरचं पागोटं डोक्यावर ठेवलं आणि तडक तारऑफिस गाठलं. तिथं इंग्रजीत नेमके शब्द बसवताना त्यांची पुरेवाट झाली. देवळाजवळ नको, खारं, जुन्या उंडीखाली खणा, सुभद्रा. इतकंच गेलं. परत आल्यावर त्यांनी तसं सांगितलं, तेव्हा सुभद्रेनं त्यांच्यापुढे वाकून नमस्कारच केला. "अगं, हे काय भलतंच," म्हणत ते पाय धुवायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी रामजन्माचा सुंठवडा घेऊन शेजारच्या जानकीबाई आल्या. त्यांच्या घराण्याला माळव्यात चार पिढ्या झालेल्या, त्यामुळे त्यांच्या मराठीचा निम्मा पदर हिंदीचा. सुभद्रेनं मोठ्या उत्साहानं त्यांना तारेची हकिगत सांगितली. जानकीबाईंचा हात तोंडाशी गेला. "अरे राम! तार भेजली? अहो, तार पाहून तिकडे सगळे घबराएंगे नाही का? खोलायच्या आधीच रडारड सुरू!"

सुभद्रेनं कपाळावर हात मारून घेतला. एवढी साधी गोष्ट आपल्या ध्यानात कशी आली नाही? वेळखोलला आजवर तीन तारा आलेल्या होत्या आणि तिन्ही मरणाच्या. त्यातून इंग्रजी वाचणारा गावात एकटा शाळामास्तर. तो जागेवर नसला तर? त्या क्षणापासून तिच्या जिवाला चैन पडेना. बापूच्या बायकोला दिवस गेलेले, तिनं हाय खाल्ली तर? वर विहीर व्हायची ती देवळाजवळच होईल आणि गाव म्हणेल, धारेची सुभद्रा उगाच मध्ये लुडबुडली. एकवीस दिवस ती डाकवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून होती. बळवंतरावांनी त्या दिवसांत ओहोटीचं नाव काढलं नाही.

बाविसाव्या दिवशी पत्र आलं. चांगलं जाडजूड. बळवंतरावांनी पाकीट फोडलं आणि पहिलीच ओळ मोठ्यानं वाचली: "सौभाग्यवती वज्रचुडेमंडित ताई हीस बापूचे साष्टांग नमस्कार. तू जिवंत आहेस हे वाचून आम्हा सर्वांस परमानंद झाला." बळवंतराव थांबले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

झालं होतं ते जानकीबाई म्हणाल्या तसंच. दशमीच्या सकाळी तारवाला तरीतून उतरला. तार धारेची, हे कळताच बापू मास्तराकडे धावला. मास्तर परीक्षेच्या कामाला खाडीपलीकडे गेलेला. वाचणार कोण? पण वाचायला हवंच कशाला? तार ती तारच. बापूनं नेसत्या वस्त्रानिशी स्नान केलं. त्याच्या बायकोनं चुलीत पाणी ओतलं. घटकाभरात अंगण माणसांनी भरून गेलं.

"सावकाश वाचा," सुभद्रा म्हणाली. तिला धड हसूही येईना आणि धड रडूही येईना.

बळवंतराव सावकाश वाचू लागले. भरतीच्या पाण्याबरोबर कोळ्यांच्या होड्या निघायच्या होत्या, शिडं चढलेली होती. त्यांनी ती उतरवली. एकही होडी समुद्रात गेली नाही. पोरांनी खेळ थांबवला. भवानी, सत्तरीची म्हातारी, ऊर बडवत आली आणि बापूच्या अंगणातल्या मातीत बसली. माझ्या हातचं पाणी पिऊन वाढली पोर, एवढंच ती दिवसभर म्हणत राहिली. दुपारी ओव्हरसियर आला तर देवळापाशी चिटपाखरू नाही. गावचा बोर्डाचा मेंबर त्याला सामोरा गेला आणि म्हणाला, आज खुंटी मारायची नाही, गावाला शोक आहे. कोण वारलं, असं ओव्हरसियरनं विचारलं. गावची लेक, मेंबर म्हणाला. इथंच राहत होती का? नाही, सत्तावीस वर्षं धारेस होती. ओव्हरसियर चक्रावला. सत्तावीस वर्षांपूर्वी गेलेल्या बाईसाठी सरकारी काम अडवता, म्हणून तो पुष्कळ बोलला. मेंबरनं सगळं ऐकून घेतलं आणि तेच पुन्हा सांगितलं. शेवटी ओव्हरसियरनं देवळातच मुक्काम ठोकला.

"हे एवढं पुन्हा वाचा," सुभद्रा म्हणाली.

"कुठलं? ओव्हरसियरचं?"

"नाही. होड्यांचं."

बळवंतरावांनी होड्यांचं पुन्हा वाचलं. मग तिनं न सांगताच मेंबरचं उत्तरही पुन्हा वाचलं. 'गावची लेक' या शब्दांशी ते उगाच खाकरले.

दिवेलागणीला मास्तर तरीतून उतरला. अंगणभर माणसांच्या मध्ये उभं राहून त्यानं तार वाचली आणि तिचा अर्थ सांगितला. भवानी उठली, पदरानं नाक पुसलं आणि गर्जली, "म्हंजे पोर मेली नाय? विहिरीचं सांगतंय?" सगळं अंगण खदाखदा हसलं. हसता हसता पुन्हा रडलं. दुसऱ्या दिवशी सगळा गाव ओव्हरसियरला घेऊन उंडीच्या जुन्या खुंटाशी गेला. झाड वादळात पडलेलं, खुंटावर कोळ्यांची जाळी वाळत होती. धारेच्या संस्थानातून तार आली आहे, हे ऐकून साहेब जरा वरमलेलेच होते. भवानीनं वाळू उकरली आणि करवंटी त्यांच्या हातात दिली. मग देवळाशेजारी चार माणसांनी खणून तिथलंही पाणी त्यांना पाजलं. त्यांनी ते थुंकून टाकलं आणि मुकाट्यानं उंडीपाशी जाऊन खुंटी मारली. आदल्या दिवशीच ती देवळाशी ठोकली असती, तर साहेब गाव सोडून गेले असते आणि मग तार वाचून उपयोग काय होता? तुझ्या सुतकानं विहीर वाचवली, बापूनं लिहिलं होतं. आता सहा हातांवर गोडं पाणी लागलं आहे आणि दगडी बांधकाम चालू आहे.

सुभद्रेनं पदर डोळ्यांना लावला. आपण गावाच्या कोण, हे इतकी वर्षं ती पत्रांच्या तळाशी शोधत होती. बापूनं लिहिलं नव्हतं, कारण त्यात लिहिण्यासारखं काही आहे, असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. आपलं मरण आणि आपल्यासाठी रडणारी माणसं जिवंतपणी पाहायला मिळावी, एवढं भाग्य कुणाला लाभतं? तिला वाटलं, आत्ता उठावं, वेळखोल गाठावं आणि दारोदार जाऊन पाया पडावं.

"शेवटी भवानीचा निरोप आहे," बळवंतराव म्हणाले. "खोट्या मरणाची बातमी उठली की आयुष्य वाढतं, पोरीला सांगा. आता शंभर वर्सं मरू नको गो बाय. परत एवढं रडायचं बळ माझ्यात नाय."

बळवंतरावांनी पत्राची घडी घातली. मग ते स्वतःच उठून दौत, टाक आणि कागद घेऊन आले. "सांग. काय लिहू?"

"सगळ्यांना नमस्कार लिहा."

"सर्व मंडळींस नमस्कार," ते लिहू लागले.

"असं नव्हे. घरटी एकेक."

एरवी बळवंतरावांनी टाक खाली ठेवला असता. त्या दिवशी त्यांनी शाईत बुडवला. सुभद्रा डोळे मिटून गावातून चालू लागली. देवळाच्या पायरीपासून निघाली, गुरवाचं घर, मेंबरचं घर, सुताराचं, तरवाल्याचं, मग खाली वाळूत उतरून कोळीवाडा. एकही घर तिनं गाळलं नाही आणि बळवंतरावांनीही गाळलं नाही. पहिला कागद संपला तसा त्यांनी दुसरा घेतला. त्रेसष्ट घरं झाली. तळाशी बोटभर जागा उरली.

"आणि भवानीच्या निरोपाला काय उत्तर?" त्यांनी विचारलं.

सुभद्रेनं डोळे उघडले. ते काठोकाठ भरलेले होते आणि बळवंतरावांना जन्मात पहिल्यांदाच त्यावर काही थट्टा सुचली नाही.

"तिला लिहा," ती म्हणाली, "नाही मरत."