पेढे वाटून काढलेल्या अकराजणी

मी जळगाव जामोदच्या एका डाळ मिलमधलं डाळ निवडणारं यंत्र बोलतोय. खरं तर बोलायचीही लाज वाटते, पण आज राहवत नाही.

माझं काम सोपं. वरून तुरीची डाळ पडते, मी काळा दाणा, खडा हेरतो आणि हवेने बाजूला उडवतो. माझ्याआधी हे काम अकरा बाया करायच्या. सूप घेऊन, रांगेत बसून, अख्ख्या गावाची उणीदुणी काढत. त्यांत कोकिळाबाई सगळ्यांत जुन्या, वीस वर्षं इथेच काम केलेल्या. लेक पुष्पांजली बुलढाण्याला नर्सिंग शिकत होती, ती याच कामाच्या भरवशावर.

मालक उत्तमराव. त्यांनी माझी ऑर्डर सहा महिने आधीच दिली होती, हे मला मागाहून कळलं. ऑफिस बघणारी त्यांची सून सुहासिनी तेव्हाच म्हणाली होती, "मामंजी, बायांना आत्ताच सांगू. दोघीतिघींना यंत्र शिकवू, बाकीच्यांसाठी दुसऱ्या मिलमध्ये शब्द टाकू."

"येडी झाली का? सांगतलं तं आजच सोडून जातीन. मंग डाळ कोण निवडीन?"

झालं! कोणाला पत्ता लागू दिला नाही.

मी आलो त्या दिवशी पूजा झाली. उत्तमरावांनी कोकिळाबाईंनाच ओवाळायला लावलं. मला हळदकुंकू लावून त्या म्हणाल्या, "बरं झालं वं बायांनो, आता आपले डोये वाचतीन." मीही मेला फुशारलो. मग पेढे वाटले. पेढा तोंडात असतानाच उत्तमराव म्हणाले, "उद्यापासून यायची गरज नाई."

"काऊन जी, आमचं काई चुकलं का?" कोकिळाबाईंनी विचारलं.

उत्तमरावांनी पेढ्यांचा डबा बंद केला. मी निदान त्या घटकेला बंद पडायला हवं होतं. पण नाही, आपला खडे उडवत राहिलो. थू माझ्या जिंदगानीवर!

महिनाभरात मिस्त्री गजेंद्र काम सोडून गेला. "मी माया पेढ्याची वाट काऊन पाहू?" म्हणाला. मला नीट लावून देणारा तोच एक होता. आता मी चांगली डाळ उडवतो आणि खडे सोडतो. व्यापाऱ्याकडून दोनदा गाडी परत आली. नवा मिस्त्री मिळत नाही, कारण गावात आम्हाला 'पेढेवाली मिल' म्हणतात.

शेवटी आज सकाळी उत्तमरावांनी कोकिळाबाईंना बोलावलं. "चूक झाली बाई. परत या."

"पोरीचं कॉलेज सुटलं जी. माया संग मजुरीनं सोयाबीन सोंगाले येते आता. आधी सांगतलं असतं तं कुठं तरी सोय पाह्यली असती आमी."

जागच्या जागी गंजून जावं असं वाटलं मला.

मग कोकिळाबाईंनी पोती वाहणाऱ्या हमालांकडे बोट केलं. "मी येईन. पण आधी या हमालायले सांगा, यायच्या जागी कोणतं मशीन येऊन राह्यलं?"

पोती वाहणाऱ्या पट्ट्याची ऑर्डर गेल्याच आठवड्यात गेली आहे. माझ्या शेजारी जागाही आखून झाली. निवृत्ती हमालाने पाठीवरचं पोतं खाली ठेवलं.

"कधी येऊन राह्यलं, शेटजी?"

शेटजी, तुमच्या पाया पडतो. सुहासिनीबाई वही घेऊन उभ्या आहेत, कोणाला काय शिकवायचं ते लिहायला. निवृत्ती तुमच्याकडे पाहतोय. त्याला तारीख सांगा.