बोगद्यातला दिवा आणि तीन सेल

मी एक जुनी विजेची मोटार आहे. माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे की नाही, याची मला अजूनही खात्री नाही. पण मित्रांनो, त्या दिवशी विहिरीच्या काठावर जे घडलं ते पाहणारी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून सांगते.

राजाराम महाराजांच्या कारकिर्दीची ती अखेरची वर्षं होती. कोल्हापुरातल्या एका गिरणीत मी वीज खाऊन पीठ दळत असे. एकदा माझं वाइंडिंग, म्हणजे पोटातली गुंडाळलेली तार, जळलं आणि मला अडगळीत टाकलं. तिथून निसार मिस्त्रींनी मला उचललं, नवी तार भरली आणि एक अजब काम दिलं. आता तेलाचं इंजिन मला पट्ट्यानं फिरवणार होतं, माझ्या सवयीपेक्षा जरा जोरात, आणि वीज मी करायची होती. मदतीला पत्र्याच्या डब्यातला एक कंडेन्सर होता, वीज क्षणभर साठवून मला परत देणारा.

माझ्या लोखंडात आधीच्या फिरण्यातलं थोडं चुंबकत्व उरलेलं असतं. विरजणावरून दही लागावं तशी त्या थोडक्यावरून वीज वाढत जाते. विरजण संपलं, की मी नुसतं गरगरणारं लोखंड. म्हणून मिस्त्रींचा नेम होता: आधी मला मोकळी पळवायची, मीटरचा काटा चढला की मगच दिवा जोडायचा, आणि थांबवताना आधी दिवा तोडायचा.

हातकणंगल्याजवळ सयाजी नावाचा शेतकरी विहीर खोदत होता. तळाशी झऱ्याच्या दिशेनं आडवा बोगदा चालला होता. तिथं सुरुंगाची दारू भरायची, म्हणजे कंदील नेणं मरणाचं. म्हणून मला आणलं आणि लांब तारेनं विजेचा दिवा खाली सोडला.

त्या दुपारी मिस्त्री भाकरी खायला लांबच्या बांधावर गेले होते. सयाजीचा धाकटा भाऊ आकाराम बोगद्यात दारू भरत होता. एकाएकी दरड सुटली. खालची हाक नीट ऐकू यावी म्हणून सयाजीनं धडधडणारं इंजिनच बंद केलं. दिवा जोडलेलाच होता. थांबता थांबता माझ्यातलं उरलंसुरलं चुंबकत्व त्या दिव्यानं ओढून नेलं आणि बोगद्यात अंधार झाला.

"दादा, पाय अडाकलाय," खालून आवाज आला. "दारू सांडलीया. कंदील आणू नगंस."

सयाजीनं घाईनं इंजिन पुन्हा सुरू केलं. मी जीव तोडून फिरले. काटा शून्यावरून हलला नाही.

"ऐन वक्ताला दगा दिला की हिनं," सयाजी म्हणाला.

आकारामची बायको तानाबाई तीन सेलांची बॅटरी घेऊन शिडीनं खाली उतरली. मागोमाग दोन गडी पहार घेऊन गेले. पण बॅटरीच्या पिवळ्या ठिपक्यात एकतर दगड दिसे, नाहीतर दारू. पहारीची ठिणगी कुठं पडेल, सांगता येत नव्हतं. वरून खडे गळत होते.

मिस्त्री धावत आले. त्यांनी काटा पाहिला, दिव्याची जोडलेली तार पाहिली, आणि इंजिन थांबवून विहिरीत वाकले.

"तानाबाई, बॅटरीतलं सेल वर पाठवा."

"आन हितं अंधार करू?"

"बॅटरी तशीबी इझाय लागलीया. मोटारीला जागं करायला दुसरं कायबी न्हाय माझ्याकडं."

मग आकाराम म्हणाला, "दे गं. तुझं तोंड मला पाठ हाय."

"पाठ हाय म्हनं. परवा बाजारात दुसरीलाच हाक मारलीस की."

टोपलीतून तीन सेल वर आले. मिस्त्रींनी दिव्याची तार सोडवली आणि विरजणापुरतं चुंबकत्व पुन्हा यावं म्हणून ते सेल माझ्या वाइंडिंगला टेकवून धरले. त्यांनी दहा आकडे मोजले. मला काही कळलं नाही. शहारा नाही, काही नाही. माझ्याच्यानं हे होणार नाही, असं मला वाटत राहिलं.

इंजिन पुन्हा सुरू झालं. सयाजीचा हात लगेच दिव्याच्या तारेकडे गेला. मिस्त्रींनी मनगट धरलं.

"आधी तिला एकटीला पळू द्या."

"भाऊ हाय माझा खाली."

"म्हनूनच."

काटा जागेवरच होता. मग तो थरथरला. वाटेत अडखळला, आणि चढला. तो ठरेपर्यंत मिस्त्रींनी मनगट सोडलं नाही. मग त्यांनीच तार जोडली.

बोगदा उजळला. गड्यांनी सांडलेल्या दारूवर ओली पोती टाकली, बेतानं पहार घातली. आकाराम टोपलीत बसून वर आला. पाऊल चिरडलं होतं, पण माणूस हसत होता.

दुसऱ्या दिवशी तानाबाईनं मला हळदकुंकू वाहिलं. मला लाज वाटली. अंधार तिनं सोसला होता, आणि ते तीन रिकामे सेल बांधावर पडले होते. सयाजी मात्र पुढं कितीतरी वर्षं पाव्हण्यांना सांगायचा, "मोटार आदी हटून बसलीती."

नंतर खांबांवरून वीज आली आणि मी गोठ्याच्या कोपऱ्यात गेले. माझ्यावर कोंबड्या बसतात. त्याची तक्रार नाही. पण मित्रांनो, यंत्र असो की माणूस, ते अडलं तर बोल लावण्याआधी एवढं पाहा, की ते सावरण्याआधीच आपण त्याच्यावर ओझं तर टाकलं नाही ना? टाकलं असेल तर उतरवा, आणि घटकाभर त्याला मोकळं पळू द्या.