चार हत्तींची फियाट

खालापुरात येसाजीशेटनं एखाद्या गाडीला फियाट म्हटलं की ती फियाट व्हायची. त्याच्या लेखी जगात गाड्या तीनच: लहान ती फियाट, मोठी ती अँबेसेडर, आणि जिच्यातून साहेब उतरतो ती जीप. बहात्तर सालच्या मुंबई-पुणे रस्त्यावर तेवढ्या विद्येवर गॅरेज चालायचं, आणि झकास चालायचं. शेट मूळचा ट्रकवरचा क्लीनर. पण पंधरा वर्षांत गाडीबद्दल त्याच्या तोंडून जे पडलं ते तालुक्यात कुणी खोडलं नव्हतं, आणि हा मान तो बायकोच्या दागिन्यांपेक्षा जास्त जपायचा.

खोडलं ते त्याच्याच गॅरेजातल्या कमळाकरनं.

कमळाकर जवळच्या बौद्धवाडीचा. अकरा वर्षं मुंबईत, ग्रँट रोडला पेस्तनशेट पारशाच्या गॅरेजात परदेशी गाड्यांची इंजिनं उघडून बसवलेला माणूस. तिथं त्याला कमळाकर मिस्त्री म्हणत. मग परदेशी गाड्या येणं आटलं, पेस्तनशेटनं माणसं कमी केली आणि जाताना पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुझ्या लायकीचा काम आला की बोलावीन, डिकरा." त्याला दोन वर्षं झाली. खालापुरात कमळाकर ट्रकची पंक्चरं काढायचा आणि नाव होतं कमळ्या.

त्या हिवाळ्यात तालुका कचेरीसमोरच्या वडाखाली एक लहानशी, चपटी, लाल गाडी येऊन उभी राहिली ती राहिलीच. आणणारा दाढीवाला गोरा. बायकोला घेऊन गोव्याला निघालेला. कावीळ होऊन त्यानं कचेरीच्या पायरीवरच ओकारी काढली, सरकारी जीपनं त्याला बायकोसकट मुंबईच्या इस्पितळात पोचवलं, आणि पुढं तो घरी गेला की वर गेला, कुणाला पत्ता नाही. किल्ली कचेरीत राहिली. वडावरच्या कावळ्यांनी चार महिन्यांत गाडीला चुना फासला.

कमळाकर रोज दुपारच्या भाकरीनंतर चिंध्या घेऊन तिच्यापाशी जायचा. बघणाऱ्यांना वाटे, डोकं फिरलंय. तो तिला ओळखत होता. ओळख म्हणजे एकेक खूण पटवून घेणं. पुढचे आतले दोन दिवे जेवणाच्या ताटाएवढे, बाहेरचे दोन वाटीएवढे. बॉनेटखाली इंजिन सरळ उभं नाही, कुशीवर कलंडून निजलेल्या माणसासारखं. इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना, मागच्या नव्हे. आणि बॉनेटच्या कडेला पांढऱ्या किनारीचे, बोटभर उंचीचे चार लाल हत्ती, सोंडा वर करून एकामागं एक पळणारे. पेस्तनशेटच्या गॅरेजात त्याच्या कामाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर इंग्रजी मासिकातलं एक चित्र होतं: बर्फात आडवी घसरत चाललेली अशीच गाडी, असेच चार हत्ती. अकरा वर्षांतली शेवटची दोन त्यानं त्या चित्राकडं बघत काढली होती. इटलीची लान्चिया. शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेली. "अशी गाडी या मुलकात बघायला मिळणार नाय," पेस्तनशेट म्हणायचा.

फेब्रुवारीत बेवारस गाडीचा लिलाव करायचं ठरलं, म्हणून आधी पंचनामा. तालुका ज्यांना भाऊसाहेब म्हणायचा ते अव्वल कारकून खुर्ची टाकून वडाखाली बसले. पंच सहीवाले हवेत, आंगठेवाले नकोत हा त्यांचा हट्ट. म्हणून हॉटेलवाला धाऊ, पोस्टमन सदू, आणखी दोघे, आणि पाचवा मिळेना म्हणून कमळाकर. जाणकार अर्थात येसाजीशेट.

"कोणती गाडी लिहू, शेट?"

"फियाट. चाकं चार. मोजून घ्या, नायतर गोरा एखादं घिऊन गेला असंल."

सगळे हसले. हसणं विरेपर्यंत कमळाकर थांबला, आणि तेच चुकलं; त्यामुळं त्याचं बोलणं स्वच्छ ऐकू गेलं.

"शेट, ही फियाट नाय. लान्चिया हाय. शर्यतीची."

"काय चिया?"

"लान्चिया. ह्ये बघा." त्यानं खिशातून मोडक्या लाउडस्पीकरचं लोहचुंबक काढलं. टपाला लावलं, चिकटलं. दाराला लावलं, खाली पडलं. बॉनेटला लावलं, पडलं. "दारं अल्युमिनमची. वजन कमी व्हावं म्हून. फियाटला आसं आसतंय?"

माणसं पुढं सरकली. धाऊनं चुंबक उचलून स्वतः लावून बघितलं. पडलं. "आयला!" तो म्हणाला. येसाजीच्या पंधरा वर्षांत त्याच्यासमोर दुसऱ्याच्या हुशारीला कुणी 'आयला' म्हटलं नव्हतं.

शेटनं पानाची पिंक टाकली. त्याला वेळ हवा असला की तो पिंक टाकायचा. मग त्याचं लक्ष बॉनेटच्या कडेकडं गेलं आणि चेहरा खुलला.

"दारं ऱ्हाऊ द्या, भाऊसाहेब. ह्ये हत्ती कुणाचं?"

निवडणुकीला पंधरा दिवस होते. हत्ती ही बौद्धवाडीच्या पक्षाची निशाणी. वाडीच्या समाजमंदिराच्या भिंतीवर आठवड्यापूर्वीच एक थोरला लाल हत्ती उमटला होता, आणि तो कमळाकरनं काढला होता, येसाजीच्या गॅरेजातल्या उरलेल्या लाल रंगानं, येसाजीला विचारून.

"ह्येच त्याची लान्चिया," येसाजी म्हणाला. "माझाच रंग, माझ्याच माणसाचा हात. सरकारच्या ताब्यातल्या गाडीवर पक्षाचा प्रचार."

"आमचा हत्ती उभा आसतो, भाऊसाहेब," कमळाकर म्हणाला. "ह्ये पळत्यात. आन् ह्ये कंपनीचं हायेत, पक्कं बसवलेलं."

"पळतायत?" भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. "कोणाच्या भीतीनं?"

आता मात्र माणसं पोट धरून हसली. चुंबक कुणाच्या पायाखाली गेलं ते कमळाकरला मागून शोधावं लागलं. पंचनाम्यात लिहिलं गेलं: फियाट मोटार एक, लाल. पुढील भागी निवडणूक निशाणी हत्ती, नग चार, अज्ञात इसमाने चिकटवलेले. खाली पाच सह्या. पाचवी कमळाकरची. सही केली नसती तर अज्ञात इसम ज्ञात झाला असता, हे भाऊसाहेबांनी त्याला प्रेमानं समजावलं.

त्या संध्याकाळी त्यानं वाडीतल्या गुरुजींकडून पेस्तनशेटला गाडीचं आणि लिलावाचं कार्ड लिहवून घेतलं. आठव्या दिवशी उत्तर आलं, तेही कार्डच. आणि कार्ड हे खालापुरात ज्याचं त्यानं वाचायचं नसतं. सदूनं ते धाऊच्या हॉटेलात उभं राहून, भज्यांच्या घाण्याच्या वर आवाज काढून वाचलं: चार हत्ती असतील तर तीच. गुरुवारी लिलावाला येतो. तुझं म्हणणं खरं निघालं तर गाडीबरोबर तूही चल, तिला उठवायला माणूस लागेल.

"कमळ्या, सायेब झालास की रं!" धाऊ ओरडला. "आमाला वळख देशील ना?"

कमळाकर चहा तसाच ठेवून घराकडं सुटला. घरी त्याच्या बायकोनं, भागीनं, पत्र्याची ट्रंक उतरवून पुसली. "खरंच नेत्याल?" तिनं विचारलं.

"गाडी खरी हाय, म्हंजे नेतीलच."

कोपऱ्यातल्या बाकावर बसून येसाजीशेटनंही ते कार्ड ऐकलं होतं. गुरुवारी मुंबईचा माणूस येणार, भर कचेरीसमोर 'लान्चिया' म्हणणार, आणि धाऊ पुन्हा 'आयला' म्हणणार. त्यानं भजी अर्धवट टाकली आणि रस्ता ओलांडून भाऊसाहेबांकडं गेला.

बुधवारी दुपारी बारा वाजता शिपायानं गॅरेजात हुकूम आणला. सरकारी ताब्यातल्या मालावरील निवडणूक निशाण्या आजच्या आज काढाव्यात. काम येसाजी यांचे गॅरेजकडे.

"तूच लावलंस, तूच काढ," शेट म्हणाला.

"शेट, तुमाला ठावं हाय म्या लावलं नाय."

"मला ठावं हाय. फौजदाराला ठावं नाय." येसाजीनं थिनरचा डबा आणि पत्र्याची धारदार पट्टी त्याच्या हातात दिली. "नाय म्हन. आज आत जाशील, शनवारी सुटशील. तुझा पारशी गुरुवारी येऊन जाईल."

कमळाकरनं उभ्या उभ्या हिशेब मांडला. हत्ती गेले तरी इंजिन कललेलंच राहणार. दारं अल्युमिनमचीच राहणार. पेस्तनशेटला हत्तींची गरज नाही. त्याला नुसता बॉनेट उघडून दाखवला की पुरे. म्हणजे उद्या तिथं हजर असणं महत्त्वाचं.

वडाखाली जत्रा जमली. त्यानं ओलं गरम फडकं लावून पहिला हत्ती अख्खा सोडवायचा प्रयत्न केला; भागीला दाखवला असता.

"आख्खा नको," येसाजी म्हणाला. "आख्खा निघाला तर दुसरीकडं चिकटवशील. खरवड."

त्यानं खरवडलं. आधी सोंड गेली, मग डोकं, पाय शेवटी.

"एक!" धाऊ ओरडला. धाऊच, ज्यानं चुंबक उचललं होतं.

दुसऱ्याला सगळ्यांनी मिळून "दोन!" म्हटलं. तिसऱ्याला बायकाही पदर तोंडाला लावून हसत होत्या. चौथ्याच्या वेळी पट्टी घसरली आणि कमळाकरच्या अंगठ्याचं रक्त बॉनेटवर पडलं. येसाजीनं मोठ्या मायेनं स्वतःचा रुमाल पुढं केला. "पुस. नायतर म्हनशील, लाल रंग कंपनीचाच."

गुरुवारी दहाला पेस्तनशेट आला. पांढरा डगला, डोळ्यांवर जाड भिंगं, मागं ओढून न्यायला ट्रक. कमळाकर इस्त्रीच्या सदऱ्यात, अंगठ्याला चिंधी बांधून उभा होता. ट्रंक धाऊच्या हॉटेलच्या ओट्यावर होती. पेस्तनशेटच्या ड्रायव्हरनं न विचारताच ती उचलून ट्रकमध्ये टाकली.

म्हातारा गाडीभोवती एकदाच फिरला. बॉनेट वर केला, आत पाहिलं आणि लगेच खाली केला. इतक्या लगेच, की कमळाकरला समजलं, म्हाताऱ्यानं ओळखली. म्हाताऱ्याचा चेहरा बदलला नव्हता. फक्त भिंगांमागचे डोळे ओले झाले होते.

"शेट, दारं बघा..." कमळाकरनं चुंबक काढलं.

पेस्तनशेटनं त्याच्या मुठीवर हात ठेवून ती मिटली. दुसऱ्या हाताची बोटं त्यानं खरवडलेल्या जागेवरून फिरवली. "इथे होते?"

"चार. काल मलाच काढाया लावलं, शेट."

"बहु सरस केला. चांगला झाला, गेले ते," म्हातारा हळूच म्हणाला.

भाऊसाहेब खाकरले. "एक खुलासा. आमच्या नोंदीत फियाट आहे. आपण लान्चिया नावाची मोटार घ्यायला आला असाल तर तशी गाडी या कचेरीच्या ताब्यात नाही. ती आहे असं ठरलं तर वर मुंबईला लिहावं लागेल. वर्ष जाईल."

येसाजीची पिंक तोंडातच राहिली. कमळाकर म्हाताऱ्याच्या ओठांकडं बघत होता.

"लान्चिया?" पेस्तनशेट म्हणाला. "कोण बोलला लान्चिया? जुनी फियाट आहे. इंजिन खलास. पत्र्याच्या भावात घ्यायला आलो मी."

येसाजीनं पिंक टाकली. एवढी लांब त्यानं आजवर टाकली नव्हती.

दुसरी बोली लागलीच नाही. म्हाताऱ्यानं सही केली, येसाजीशी हात मिळवला आणि म्हणाला, "तुमची नजर पक्की आहे, शेट." येसाजी लाजला सुद्धा.

कमळाकर ट्रकच्या फळीला धरून उभा होता. "शेट, तुमीच तर शिकवलंत. भिंतीवरचं चित्र..."

पेस्तनशेट त्याच्या कानाशी आला. "डिकरा, तू ओळखली. मुंबईत दोन माणसं ओळखतील, तू तिसरा. पण ओळखली आणि पाच माणसांसमोर बोलला. माझ्याकडे येशील तर रस्त्यात बोलशील, नाक्यावर बोलशील, गिऱ्हाईकासमोर बोलशील. या गाडीला आता न बोलणारा माणूस पायजे." त्यानं कमळाकरच्या गालावर थोपटलं आणि ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हरनं ट्रंक पुन्हा ओट्यावर आणून ठेवली, अगदी मूळ जागी.

गाडी ट्रकमागं दोरानं ओढली गेली. कावळे वडावर होतेच.

दुसऱ्या दिवसापासून खालापूरला खेळ मिळाला. एसटी आली की धाऊ विचारायचा, "कमळ्या, ही कुठली रं?" बैलगाडी आली की सदू विचारायचा. एकदा तर तिरडी चालली होती, तेव्हाही कुणीतरी विचारलं. पहिले काही दिवस कमळाकर मान खाली घालून पंक्चरं काढत राहिला. मग म्हणायला लागला, "फियाट." तेवढं म्हटलं की लोक लवकर सोडायचे.

वाडीत निवडणूक आली नि गेली. भागीनं ट्रंक माळ्यावर टाकली.

एप्रिलमध्ये भर दुपारी मुंबईहून परतणाऱ्या पुण्याच्या एका डॉक्टरची मोटार धापा टाकत गॅरेजसमोर थांबली. लांब नाकाची, हिरवी, येसाजीच्या तिन्ही प्रकारांत न बसणारी. डॉक्टर घामेजून खाली उतरला. "इथं परदेशी गाडीतलं कळणारं कुणी आहे का हो?"

येसाजीला उकळ्या फुटल्या. "हाय की! मुंबईचा मिस्त्री हाय. कमळ्या, सायबाला सांग, ही कुठली गाडी?"

कमळाकर चाकाखालून वर आला. इंजिन चालूच होतं. त्यानं मान एका बाजूला केली, जशी पूर्वी ग्रँट रोडला करायचा, आणि दोन श्वास नुसतं ऐकलं. तिसऱ्या सिलिंडरचा ठोका चुकत होता. पान्ह्याच्या दोन वळशांचं काम. गाडी कुठली, कुठल्या सालची, तेही त्याला दिसलं.

डॉक्टर आशेनं बघत होता. हॉटेलातून धाऊ बाहेर आला होता.

"फियाट, सायेब," कमळाकर म्हणाला.

हॉटेल, गॅरेज, रस्ता, सगळं एकदमच हसलं. डॉक्टरनं शिवी हासडली, दार आपटलं आणि गाडी तशीच पुढं काढली. कमळाकर पुन्हा चाकाखाली जाऊन निजला. चुकणारा ठोका त्याला खोपोलीच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिला.