उत्तरदात्री कोण?

"उत्तर काय मिळालं ते नंतर बघ गं, आधी दिलं कोणी ते बघ," असं कॉलेजातल्या समाजशास्त्राच्या बाई बजावत होत्या, तेव्हा ती मागच्या बाकावर मैत्रिणीच्या वेणीत पेनाचं टोपण अडकवण्यात गुंग होती. नमुना, प्रश्नावली, उत्तरदाता. परीक्षेपुरते शब्द पाठ केले की सुटलो, एवढाच तिचा हिशेब.

आता पदरात लहानगी लेक होती आणि पोट त्याच शब्दांवर चाललं होतं. एका संशोधन संस्थेने लहान बाळांच्या आयांची पाहणी काढली होती: झोप मिळते का, हाताशी कोणी आहे का, एकटं वाटतं का. घरं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली. त्याच घरी जायचं, त्याच बाईला विचारायचं. लेकीला जावेकडे सोपवून ती जिने चढायची आणि प्रत्येक वळणावर फोन काढून बघायची. लेक पडली असेल, काहीतरी गिळलं असेल, ताप चढला असेल. डोक्यातली गिरणी काही थांबायची नाही.

दार मात्र उघडायची सासू, नाहीतर नवरा. "ती कामात आहे, मला विचारा की!" पाहणीवाल्या सगळ्याच मुली मग उंबऱ्यावर प्रश्न उरकायच्या आणि 'आईने स्वतः उत्तर दिलं' यापुढे खूण करून मोकळ्या व्हायच्या. यात काही चुकतंय हे कोणाच्या गावीही नव्हतं. निकाल तर असा झकास, की संस्थेतल्या सरांची कळी खुलली. आया बहुतेक समाधानी!

मग एका दुपारी तिच्याच घरी दवाखान्यातून तिच्या तब्येतीच्या चौकशीचा फोन आला. सासूबाईंनी उचलला. ती समोरच उभी होती, किरकिरणारी लेक खांद्यावर, आदल्या दिवसापासून केसांना कंगवा नाही. "आमची सूनबाई ना? अगदी मजेत!" सासूबाई मनापासून म्हणाल्या. खोटं बोलत नव्हत्या बिचाऱ्या, त्यांना तसंच दिसत होतं. तिच्या मात्र लख्ख ध्यानात आलं. आपण गोळा केलेलं समाधान असलंच की सगळं! आणि डोळ्यांपुढे आलं ते तिसऱ्या मजल्यावरचं एक घर. दारात अघळपघळ बोलणारी सासू, आत रडून रडून घसा बसलेलं बाळ, आणि त्याला "ओ ओ" करणारा एकही आवाज नाही. त्या घरापुढेही तिने 'समाधानी' लिहिलं होतं.

"सर, ही उत्तरं आयांची नाहीत. पुन्हा विचारायला हवं," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली.

"अहो बाई, सासूने सांगितलं काय नि सुनेने सांगितलं काय, घर तेच ना?"

"मग तुमच्या पगाराने तुमचं भागतं का, हे मोठ्या साहेबांना विचारू? ऑफिस तेच ना?"

मागच्या टेबलावर कोणीतरी फिस्सकन हसलं. सरांचा चेहरा उतरला. "अहवाल शुक्रवारी जाणार. पटत नसेल तर उद्यापासून येऊ नका."

"नाहीच येणार. उद्या मला तिसऱ्या मजल्यावर काम आहे."

"मागेच तर सगळं सांगितलं!" दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरची ती सासू दार अडवून उभी.

"तुम्ही सांगितलंत, मावशी. मला तिच्याकडून ऐकायचंय."

"झोपलीये ती."

आत भांडं पडलं.

"झोपेत भांडी घासते वाटतं?"

"जीभ फार चालते हो तुमची!"

"पायही चालतात, पण आज इथून हलणार नाहीत." आणि ती खरोखरच पायरीवर फतकल मारून बसली. तेवढ्यात पिशवीत फोन थरथरला आणि तिचा जीव टांगणीला लागला. जाऊ लिहीत होती: 'तुझी कन्या झोपली. आता माझाही डोळा लागू दे, बये.'

शेजारची दारं किलकिली व्हायला लागली, तशी सासू वरमली. "या आत एकदाच्या, तमाशा नको." बाळाला घेऊन सासू गॅलरीत गेली.

सून ओट्याला टेकून उभी होती. एकटं वाटतं का, या प्रश्नावर तिने आधी गॅलरीकडे पाहिलं.

"बाळ रडलं ना, की मला काहीच होत नाही. ऐकू येतं, पण दुसऱ्याच कोणाच्या घरातलं वाटतं. हे असं लिहितात का?"

"असंच लिहितात. तुमच्याच शब्दांत."

"मग लिहा."

निघताना तिने सासूला डॉक्टरांचा नंबर दिला. "आजच न्या हिला."

"मला कधी बोलली नाही हो," सासूचा आवाज खाली आला.

"विचारलं होतं कोणी?"

ते उत्तर तिने ऑफिसात नेऊन दिलं. सरांनी ते 'अपवाद' म्हणून बाजूला काढलं. "अपवाद ठरवायला आधी बाकीच्यांना विचारावं लागतं," ती म्हणाली आणि पिशवी उचलून बाहेर पडली. आता ती बिनपगारी तीच दारं पुन्हा वाजवते आहे, सोबत पाहणीतल्याच दोन मुली. पाहणीतल्या घरी फिरू नका, असं ऑफिसने धमकीचं पत्र पाठवलं, त्याच्या कोऱ्या बाजूवर लेक रेघोट्या मारते.

पण तिसऱ्या मजल्यावर कुलूप आहे. ते कुटुंब दुसरीकडे राहायला गेलं. फोन सासूच घेते, "बरी आहे आता," म्हणते, पत्ता देत नाही. डॉक्टरांकडे नेलं की नाही, कळायला मार्ग नाही.

म्हणून तिचं तुम्हाला सांगणं आहे. तुमच्या इमारतीत असं कोणी नवीन आलं असेल, सासू बोलकी, बाळ कडेवरचं, सून दिसतच नाही, तर आजच बेल वाजवा. सासूशी गोड बोला, पण सुनेला बाहेर बोलवा. ती समोर येऊन स्वतः चार शब्द बोलेपर्यंत दारातून हलू नका.