पट्ट्याच्या पलीकडली सगुणा

भरे गावाच्या अलीकडे, टेकडीच्या पायथ्याला सुक्या कचऱ्याचं केंद्र आहे. बावधनचा, महाळुंग्याचा कचरा गाड्यांतून तिथे येतो, शेडमध्ये ओतला जातो आणि मग फिरत्या पट्ट्यावर चढतो. त्या पट्ट्याच्या एका बाजूला साबेरा उभी राहायची आणि बरोबर समोर सगुणाबाई. साबेरानं कागद-पुठ्ठा उचलायचा, सगुणाबाईनं बाटल्या. पुढे चुंबक लोखंड ओढून घ्यायचं, बाकीच्या बायका प्लास्टिकची पन्नी आणि काच वेगळी काढायच्या. बाटल्या दाबून त्यांचे गठ्ठे व्हायचे आणि कारखान्याला जायचे. ज्याचं काहीच होत नाही, तेवढं सिमेंटवाल्यांच्या भट्टीत.

यंत्राचा आवाज एवढा, की बोललेलं ऐकूच यायचं नाही. म्हणून दोघी हातांनी बोलायच्या. सगुणाबाईनं कपाळाला हात लावला की घरी पाहुणे आलेत, साबेरानं मूठ पोटाशी धरली की आज डबा राहिला. लेकीचं, शिरीनचं लग्न मोडलं, तेही साबेरानं घरच्यांच्या आधी सगुणाबाईलाच सांगितलं होतं, पट्टा चालू असताना, नुसत्या हातांनी. तेव्हा सगुणाबाई जागच्या जागी थिजली होती. बाटल्या तिच्यासमोरून तशाच पुढे गेल्या. मुकादम ओरडला तरी तिनं साबेरावरची नजर काढली नव्हती.

मग सगुणाबाईच्या मुलानं, एकनाथनं, भऱ्याचं रान विकलं आणि बावधनला फ्लॅट घेतला. "आता आईनं कचऱ्यात हात घालायचा न्हाई," तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. सगुणाबाई गेली.

तिच्या जागी आरोही आली. पोरगी गुणाची, हाताला चलाख. पण मान वर करायची नाही. साबेरा सवयीनं समोर बघायची आणि तिला आरोहीच्या डोक्याचा भांगच दिसायचा.

फोन व्हायचे. "बरी हाईस न्हवं?" "बरी हाय. तू?" "मीबी बरी." मग फोन ठेवायच्या. एवढ्या वर्षांचं हातांचं बोलणं कानाला कसं लावायचं, ते दोघींनाही कळायचं नाही.

एक दिवस बावधनच्या गाडीतून दुधाच्या रिकाम्या पिशव्यांची चळत आली. धुतलेल्या, वाळवलेल्या, घडी घालून लाल दोऱ्यानं बांधलेल्या. साबेराचे हात थबकले. कचरा एवढ्या मायेनं कोण टाकतं? दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच चळत. सगुणाच ती! मी हितं हाय, असं सांगतेय. साबेरानं तो दोरा सोडवून खिशात ठेवला.

सुट्टीच्या दिवशी तिनं पौडच्या बाजारातून करवंदं घेतली आणि बावधन गाठलं. दार सगुणाबाईनंच उघडलं. तिनं साबेराचा दंड घट्ट धरून तिला आत ओढलं.

करवंदं खाताना साबेरानं पिशव्यांची गोष्ट काढली. "लाल दोरा बांधतीस न्हवं? मी लगेच वळखलं."

सगुणाबाई बघत राहिली. "कसला दोरा? आमच्याकडं पिशवीचं दूध न्हाई. भऱ्याचा गवळी जयसिंग रोज बरणीत घालून जातोय."

साबेराला हसू आलं. "मग असंल कुणीतरी," ती म्हणाली.

"मी असते तर बरं झालं असतं," सगुणाबाई हळूच म्हणाली. "हितं सगळं हाय बघ. लिफ्ट हाय, गार पाणी हाय. सून जीव लावतीय. पर दिवसभर समोर भिंत."

"परत येतीस का?"

सगुणाबाईनं आतल्या दाराकडे पाहिलं. आतल्या खोलीत एकनाथ फोनवर बोलत होता. "त्याला लोक विचारत्यात, आई काय करती म्हणून," ती म्हणाली. "आता 'घरी असती' असं सांगताना त्याची छाती फुगतीय. कसं मोडू त्याचं मन?"

साबेरानं मान हलवली. तिलाही पोरं होती.

निघताना एकनाथ बाहेर आला. "मावशी, येत जा की. आईला बरं वाटतं." तो मनापासून बोलत होता.

सगुणाबाई तिला सोडायला चांदणी चौकापर्यंत आली. पौडची बस आली. "ही लई भरलीय, पुढच्या बसनं जा," सगुणाबाई म्हणाली. साबेरानं आत पाहिलं. निम्मी बस मोकळी होती. तरी ती चढली नाही आणि बस निघून गेली.

पुढची आली. "हिचा डायव्हर लई जोरात चालवतोय," सगुणाबाई म्हणाली.

"व्हय, दिसतोयच तसा," साबेरा म्हणाली.

दोघी पुलाखालच्या सावलीत, कठड्यावर टेकून बसल्या. गाड्यांची रांग सरकत होती. त्यानंतरची बस आली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. आता मात्र सगुणाबाईला काही सबब सुचेना. ती नुसती उठून उभी राहिली आणि साबेराच्या हातातली करवंदांची रिकामी पिशवी नीट घडी करून परत तिच्याच हातात दिली.